तीन मोकळी घरं

मळ्यातल्या विहिरीपर्यंत माझ्या वडिलांना, तात्यांना, आता चालवत नाही. गुडघे गेलेत. तरी मोटर चालू-बंद करायला दिवसातून चारदा जातात, आणि मी सिन्नरला आले की कुरकुर ऐकवतात. शेवटी आमचं ठरलं. मी बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक डब्याने रविवारपर्यंत मोबाइलवरून मोटर चालवून दाखवली, तर तात्या मळ्यातच राहतील. नाही तर मुकाट्याने माझ्याकडे शहरात, इंदिरानगरला येतील.

रविवारी बटण दाबलं. मोटर ढिम्म.

"मुद्दाम बिघडवलास काय गं, शुभे?" तात्या हसले. मला मात्र रडू आलं. त्यांनी यावं असं मनापासून वाटत होतं, आणि आईने लावलेल्या लिंबाखालून त्यांना उठवणंही सोसवत नव्हतं.

झेंडूच्या बांधावर बसून त्यांना चूक सांगितली. मोबाइल डब्याला निरोप धाडतो, तो ओळीतल्या घरांमधून. पहिल्या घरात 'चालू'. मग मोटर किती वेळ चालवायची तो मोठा आकडा, चार घरांचा. "चिप चार-चार घरं एकदम उचलते. म्हणून मोठा आकडा पाचव्या घरापासून ठेवायचा आणि मधली तीन घरं मोकळी सोडायची. काल मला ती फुकट गेल्यासारखी वाटली. निरोप छोटा झाला तर डब्याची बॅटरी टिकेल, म्हणून काढून टाकली आणि आकडा अलीकडे सरकवला. ही चिप स्वस्तातली. थोडा पहिल्या चारांत, थोडा पुढच्या चारांत असा फुटलेला आकडा तिला उचलता येईना. बसली गप्प."

"म्हंजी नांग्या भरल्या तू." रोप मेल्याने रिकामी पडलेली जागा म्हणजे आमच्याकडे नांगी; तिथे दुसरं रोप लावणं म्हणजे नांग्या भरणं.

"तसंच समजा."

"अगं, ती नांगी नव्हती, वाट व्हती. दोन वाफ्यांमधल्या वाटंत कुणी रोप लावतं का? मग पाय कुठं ठेवायचा?"

इंजिनिअर मी, आणि अक्कल शिकवतात तात्या! लॅपटॉप जोडला, मोकळ्या घरांची तीन शून्यं परत जागेवर ठेवली, बटण दाबलं. लांब विहिरीवर मोटर घरघरली. तात्यांनी फोन हिसकावून घेतला आणि लहान मुलासारखी ती बंद केली, चालू केली, पुन्हा बंद केली. मी हरले होते आणि मला लय बरं वाटत होतं.

निघताना उगीच चिडवलं, "तुमच्यासाठी घरी मोकळ्या केलेल्या खोलीत आता कपाटं लावते."

तात्यांचा अंगठा बटणावरच थांबला.

"भरू नको," ते म्हणाले. "ती नांगी नाय."