मँगनचा एकुलता एक वकील

आमच्या घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे जार्लथ टायर्नी यांचं घर, आणि दोन्ही घरांना कमरेएवढ्या दगडी भिंती. या दोन भिंतींवरून माझे डॅडी आणि जार्लथ जन्मभर भांडत आले. रोज सकाळी, रेडिओवरच्या अकराच्या बातम्या संपल्या की. आम्ही एका पक्षाचे, टायर्नी दुसऱ्याचे. शंभर वर्षांपूर्वीच्या यादवीत आमचे आजोबा-पणजोबा एका बाजूनं लढले, त्यांचे दुसऱ्या बाजूनं. तेव्हापासून कोण कुणाला मत देणार हे पाळण्यातच ठरतं. पण दोन्ही पक्षांत फरक काय, असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं. दोघंही माझ्यावर एकदमच ओरडले. त्यांचं एकमत झालेलं मला तेवढंच आठवतं.

जार्लथनी लग्न केलं नाही. रविवारचं जेवण मात्र वर्षानुवर्षं आमच्याकडे. आई, म्हणजे डिलिया, टेबलावर बेकन आणि कोबी ठेवायची आणि बजावायची, "राजकारण काढलंत तर बटाटे उचलून नेईन." मग दोघं अर्धा तास हवापाण्यावर बोलायचे आणि शेवटचा घास गिळता गिळता खुर्च्या सरकवून भिंतींकडे पळायचे.

आई एप्रिलमध्ये गेली. कोरोनानं नव्हे, हृदयानं. पण नियम सगळ्यांना सारखेच. चर्चमध्ये दहा माणसं. आम्ही भावंडं, आमची मुलं आणि डॅडी मिळून दहा भरले. मी जार्लथना म्हटलं, "बाजूच्या दारानं या. फादर दुसरीकडे बघतील." ते म्हणाले, "नको पोरी. उद्या माझ्यामुळे कुणाला काही झालं, तर वर गेल्यावर डिलिया मला दारात उभं करणार नाही." शवपेटीची गाडी निघाली तेव्हा सगळं गाव रस्त्याच्या कडेनं लांब लांब उभं होतं. जार्लथ आमच्या वळणावर, पावसात, टोपी छातीशी धरून. त्यांना तिथं बाहेर उभं ठेवल्याचा राग मला अजून आहे, आणि तो कुणावर काढावा हे तेव्हा कळत नव्हतं.

त्यानंतर डॅडींनी बोलणंच टाकलं. मी गॉलवे शहरातली नोकरी लॅपटॉपमध्ये घालून घरी आले. चहा हवा? मान हलायची. अंडं उकडू? मान. निम्मं अंडं तसंच परत यायचं. कोट खांद्यांवर लोंबायला लागला. डॉक्टरीण फोनवर म्हणाली, "इमेल्डा, वजन असंच उतरत राहिलं तर हा हिवाळा त्यांना झेपायचा नाही. त्यांना कशाची तरी गोडी लावा." मी शब्दकोडी आणली, कोंबड्या आणल्या, एकदा तर शेजारचा कुत्रा उसना आणला. कुत्रा जाडा झाला.

जार्लथ रोज अकराला त्यांच्या भिंतीशी येऊन गळ टाकायचे. "बार्टली, तुमच्या पुढाऱ्याचं भाषण ऐकलंस? गाईला भूल दिल्यासारखं बोलतो रे." डॅडी दारातल्या खुर्चीवरून मान हलवायचे. झालं. आणि जूनमध्ये तर कहरच झाला. एकमेकांचं तोंड न पाहणारे आमचे हे दोन पक्ष चक्क एकत्र सरकारात बसले. जार्लथ भिंतीशी आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "म्हणजे आता आपण एकाच बाजूचे." डॅडी म्हणाले, "हं." नवी सोयरीक झालेल्या व्याह्यांसारखे दोघं एकमेकांकडे कसनुसं हसत राहिले. भांडायला काही उरलंच नाही. मी त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन सरकारला मनसोक्त शिव्या दिल्या.

मग ऑगस्ट आला आणि टर्लो मँगन देवासारखा धावून आला.

मँगन आमच्या भागातला खासदार, जार्लथच्या पक्षाचा. दर निवडणुकीला त्याचा हसरा फोटो जार्लथ स्वतः शिडी लावून विजेच्या खांबाला बांधायचे. रेडिओवर बातमी आली: सरकारनं ज्या आठवड्यात माणसं जमवण्यावर बंधनं कडक केली, त्याच आठवड्यात मँगनसाहेब एका मासेमारी क्लबच्या जेवणाला हजर होते. हॉटेलच्या हिरवळीवर मोठा तंबू, ऐंशी पानं, सॅमन मासा आणि पांढरी वाइन. आणि तिकडे माणसं खिडकीच्या काचेतून आयांचा निरोप घेत होती.

डॅडींचा चमचा हवेत थांबला. ते उठले आणि, खोटं सांगत नाही, त्यांनी टोपी घातली.

"जार्लथ! बाहेर ये!"

जार्लथ दारात आले. हातात रेडिओ, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, शरमेनं.

"काय रे, कसा होता सॅमन?" डॅडींनी विचारलं. एप्रिलपासून त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं धड वाक्य.

जार्लथ त्यांच्याकडे बघत राहिले. मग खिडकीत उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. मग रेडिओ सावकाश भिंतीवर ठेवला आणि म्हणाले, "तंबू होता तो."

"मग?"

"तंबू म्हणजे बाहेर. बाहेर जेवायला काय हरकत आहे?"

"तंबूला छप्पर असतं, गाढवा!"

"कनाती उघड्या होत्या. वारा खेळत होता."

"वारा माझ्या संडासातही खेळतो! तो काय बाहेर झाला?"

"तुझ्या बापाच्या काळात बाहेरच होता."

डॅडी घरात आले ते लालबुंद होऊन. "हा माणूस मूर्ख आहे," मला म्हणाले. "अंडं आहे का गं अजून?" मी दोन उकडली. दोन्ही गेली. मी सिंककडे तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू आवरत नव्हतं आणि हसूही.

पुढचे दिवस म्हणजे आमच्या रस्त्यावर जत्राच. वरच्या घरातली कॉन्सेप्टा घडीची खुर्ची आणि विणकाम घेऊन, दोन मीटर अंतर राखून रस्त्याच्या मधोमध बसायला लागली. पोस्टमन आपली हिरवी गाडी बरोबर अकराला इथं आणून बंद पाडायचा. जार्लथनी रोज नवा मुद्दा काढावा आणि डॅडींनी तो दगडानं ठेचावा. सगळे नियमाप्रमाणे सहासहाच्या टेबलांवर बसले होते, असं जार्लथ म्हणाले. "मग माझ्या गोठ्यातही गाई सहासहानं बांधल्यात, बोलाव मँगनला जेवायला!" मँगननं मासा नुसता चाखला, असं म्हणाले. "त्या मासळीच्या आईला जाऊन सांग!" कॉन्सेप्टाचा टाका सुटायचा. डॅडी दुसऱ्या दिवशीच्या उत्तरांची तयारी करायला जेवताना माझ्यावर सराव करायचे, आणि सराव करता करता ताट रिकामं व्हायचं. कोट खांद्यांवर पुन्हा बसायला लागला.

साऱ्या कौंटीत मँगनच्या बाजूनं बोलणारा दुसरा माणूस उरला नव्हता. पक्षानं त्याला बाहेर बसवलं, त्याचे सख्खे चुलतभाऊ ओळख दाखवेनात. फक्त आमचे जार्लथ. मला त्यांचा राग यायला लागला होता. इतकं कसलं मेलं पक्षाचं वेड? सकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले की ते भिंतीवरून हळूच विचारायचे, "काल जेवला का तो?" मी तुटकपणे सांगायची, "जेवले. आज सांभाळून राहा." वाटायचं, शत्रूच्या रसदेची चौकशी चाललीय.

एका सकाळी प्रकरण हाताबाहेर गेलं. जार्लथ पुन्हा कनातींवर घसरले. "उघड्या होत्या म्हणतोय ना मी! चारही बाजूंनी उघड्या!"

"चर्चची दारंही चारही बाजूंनी उघडी होती!" डॅडी गरजले. "मग ते बाहेर नव्हतं का? तू का नाही आलास आत? डिलियाच्या वेळी तू का तिथं पावसात उभा राहिलास?"

कॉन्सेप्टाच्या सुया थांबल्या. आई गेल्यापासून तिचं नाव डॅडींनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. जार्लथ वळले आणि आत गेले. डॅडींनी दुपारी टेबलाशी बसून मला आईबद्दल सांगितलं: नाचाच्या हॉलमध्ये ती पहिल्यांदा कशी भेटली, आणि तिला घरी सोडायला सायकल कशी जार्लथचीच उसनी घेतली होती. बोलता बोलता रडले. मग रुबार्बचा केक मागितला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. जार्लथ येतील का, असं मला वाटत होतं. आले. घसा खाकरून म्हणाले, "आता तो वाइनचा मुद्दा." डॅडींनी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात एक चकचकीत काळी गाडी येऊन दोन भिंतींच्या मध्ये थांबली आणि तिच्यातून टर्लो मँगन उतरला. साक्षात.

पोस्टमन आमच्याकडे पत्रं कमी आणि बातम्या जास्त पोचवतो. त्यानंच कुठंतरी बोलून टाकलं होतं, की आमच्या लिसनाकिली गावात एक म्हातारा रोज साहेबांसाठी खिंड लढवतोय.

"जार्लथ, दोस्ता!" मँगननं कोपर पुढे केलं. "सगळ्यांनी साथ सोडली, तू मात्र उभा राहिलास. डोळ्यांत पाणी आणलंस रे. तुझ्यासारखी चार माणसं मिळाली ना, तर मी पुन्हा उभा राहीन!"

जार्लथनी कोपराला कोपर लावलं नाही. कोपराकडे बघत राहिले, आणि मग त्यांच्या आवाजाला जी धार चढली ती मी कधी ऐकली नव्हती.

"मी तुझ्यासाठी उभा राहिलो? मी त्या वळणावर उभा राहिलो, एप्रिलमध्ये. तिथल्या गवतात. समोरच्या घरातली बाई मला प्रत्येक रविवारी जेवू घालायची. तिची पेटी माझ्यासमोरून गेली आणि मी आत गेलो नाही, कारण तू टीव्हीवर येऊन जाऊ नका म्हणालास. मी ऐकलं तुझं! आणि तू तंबूत बसून मासा खाल्लास. कनाती उघड्या होत्या म्हणे! बंद होत्या, मला ठाऊक आहे, त्या दिवशी पाऊस होता. नीघ इथून. तुझा फोटो मी कधीच चुलीत घातलाय."

मँगनचा हसरा चेहरा पडला. तो एकदा डॅडींकडे वळला, बहुधा मतं मागायच्या सवयीनं, तेव्हा डॅडी म्हणाले, "माझ्याकडे बघू नका, मी तुम्हाला कधीच मत दिलं नाही." गाडी उलटी वळवताना त्याचं चाक खड्ड्यात रुतलं आणि पोस्टमनलाच ती ढकलावी लागली. कॉन्सेप्टानं टाळ्या वाजवल्या.

गाडी गेली आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं, काय उघडं पडलंय ते. इतके दिवस जार्लथ ज्या माणसाची बाजू घेत होते, त्याचं नाव घेताना त्यांच्या जिवाची आग होत होती. आणि तरी रोज घेत होते, समोरचा माणूस जेवावा म्हणून. काय काय बोलले होते मी त्यांना मनातल्या मनात!

"आता कळलं तुला," जार्लथ डॅडींना म्हणाले, भिंतीवरच्या शेवाळाकडे बघत.

डॅडींनी टोपी काढली आणि आत गेले. जेवण पुढ्यात ठेवलं तर ताटाकडे बघत बसले. मला ती जुनी शांतता ओळखीची होती आणि मी घाबरले. डॅडी मानी माणूस. कुणी दयेपोटी आपल्याशी खोटं भांडलं हे त्यांना पचणार कसं? आणि हे भांडण संपलं, तर पुढचा हिवाळा होताच समोर.

रविवारी सकाळी रेडिओ लागला नाही. अकरा वाजून गेले. कॉन्सेप्टा खुर्ची घेऊन आली, दोन्ही भिंती रिकाम्या बघून परत निघाली. तेवढ्यात डॅडी खोलीतून बाहेर आले. दाढी केलेली, टोपी घातलेली. तरातरा भिंतीपाशी गेले.

"जार्लथ! बाहेर ये!"

दार उघडायला वेळ लागला. जार्लथ रात्रभर झोपले नसावेत.

"मी विचार केला," डॅडी म्हणाले. "त्या मँगनवर अन्याय होतोय."

"काय?"

"तंबू म्हणजे शेवटी कापड. कापडाच्या आत असलेला माणूस घरात असतो का? मी आत्ता शर्टाच्या आत आहे. मी काय घरात आहे?"

जार्लथ आ वासून बघत राहिले. मग हळूहळू त्यांच्या गालांवर रंग चढला. "बार्टली, तुला लाज नाही वाटत? त्या लबाडाची बाजू घेतोस? तू?"

"कनातींचं म्हणशील तर..."

"कनाती बंद होत्या!"

"तू होतास का तिथं?"

"पाऊस होता, लेका! पावसात कनाती कोण उघड्या ठेवतं?"

"मासेमारी करणारे! त्यांना पावसाचं काय?"

कॉन्सेप्टानं पळतच येऊन खुर्ची उघडली. जार्लथ भिंतीवर मूठ आपटत होते, डॅडी शर्टाची कॉलर धरून पुराव्यादाखल ओढून दाखवत होते. डोळे मात्र दोघांचेही भरलेले. मी दारात उभी राहून हसत होते आणि डोळे पुसत होते.

मध्येच डॅडी मागे वळले आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "तो जेवलाय का गं काल?"

"मला काय माहीत?"

"जेवला नसणार. गाल बघ त्याचे. आज रविवार आहे, इमेल्डा. बेकन जास्त टाक, आणि त्याचं ताट वाढून भिंतीवर नेऊन ठेव. बटाटे मोठे घाल."

मग ते पुन्हा रस्त्याकडे वळले आणि ओरडले, "आणि दुसरा मुद्दा!"