कुणाच्याच नावावर नसलेला कप्पा

खालचा डावा सुळा, किंचित आत वळलेला.

तीनदा विचारलं, तीनदा ‘हो’.

पाठीत सणसणीत थाप.

रुमालाआड झाकलेलं तोंड.

शंभर एमबी.

“मी काहीच केलेलं नाही!”

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. वरच्या प्रत्येक गोष्टीशी माझा संबंध आहे. फक्त थाप खाण्यासारखं मी काय केलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

दोन भाऊ कवळ्या बनवतात, त्यांच्या संगणकात मी नऊ वर्षं फिरते आहे. थोरला मेणात दात बसवतो. धाकटा पडद्यावर जबडे जुळवतो. शेकडो माणसांचे दात मी सांभाळले. पूर्वी धाकटा येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा वेग कौतुकानं दाखवायचा. मग कौतुक आटलं आणि भांडणं सुरू झाली.

“तुझ्या चित्रांनी सगळी जागा खाल्ली!”

“आणि दादा, तुझी गाणी काय हवेवर राहतात?”

शेवटी माझी वाटणी ठरली. थोरल्यानं कुठलंसं सॉफ्टवेअर उतरवून माझे दोन कप्पे आखले. तेव्हा त्याला कडेला शंभर एमबीचा एक चिमुकला कप्पा दिसला. “हा तर कुणाच्याच नावावर नाही,” म्हणत त्यानं तो पुसायला घेतला. नक्की पुसू का, असं सॉफ्टवेअरनं तीनदा विचारलं. अहो, संगणक सुरू कसा करायचा हे त्याच कप्प्यात लिहिलेलं असतं! घर वाटताना कुणी दरवाजा उखडून फेकतं का?

सकाळी काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ आली. धाकट्यानं वायरी काढल्या, फुंकर मारली, मग थाप. शेवटी दुरुस्तीवाला आला.

“शेवटी काय केलं होतं?”

“काही नाही,” धाकटा म्हणाला. बिचाऱ्याला खरंच ठाऊक नव्हतं.

“मी काहीच केलेलं नाही! आपोआप झालं,” थोरला म्हणाला.

आपोआप!

“मग डिस्कच गेली. फॉरमॅट मारून बघतो.”

गेली? मी तिथंच गरगरत होते! पण माझी बाजू कोण ऐकणार?

कोपऱ्यातल्या खुर्चीत एक निवृत्त शिक्षिका रुमालानं तोंड झाकून बसल्या होत्या. जबड्याच्या शस्त्रक्रियेत त्यांचे दात गेले होते. नवी कवळी त्यांना हुबेहूब जुन्या दातांसारखी हवी होती आणि शस्त्रक्रियेआधी घेतलेली त्या दातांची मापं जगात फक्त माझ्याकडे होती. फॉरमॅट म्हणजे माझ्यातलं सगळं पुसणं, म्हणजे तीही गेली.

बाईंनी रुमाल बाजूला केला. बोळक्या तोंडानं, पण वर्गातल्याच आवाजात त्या म्हणाल्या, “काच कुणी फोडली, असं मी कधी विचारत नसे. शेवटचा चेंडू कुणी मारला, एवढंच विचारायचे. बोला.”

थोरला पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. “मी, बाई. एक छोटा कप्पा होता... मी पुसला.”

“अहो, मग हे आधी सांगायचं ना!” दुरुस्तीवाल्यानं कपाळावर हात मारला. त्यानं पेन ड्राइव्हवरून संगणक उठवला, रिकाम्या जागी पुन्हा छोटा कप्पा केला आणि त्यात सुरुवातीच्या फायली लिहिल्या. वीस मिनिटं लागली.

पडद्यावर दात उमटले. बाई पुढे वाकल्या. “हा सुळा असाच वाकडा ठेवा हं. सरळ केलात तर घरचे ओळखणार नाहीत.”

थोरल्यानं मान डोलावली. माझी माफी मात्र कुणीही मागितली नाही.

मित्रांनो, महत्त्वाचं काही असेल तर त्याची दुसरी प्रत ठेवा. आणि यंत्र अडलं तर हात उचलण्याआधी खरं काय केलंत ते सांगा. आम्हांला ते सांगता येत नाही.

वाटणीच्या आदल्या दिवशी माझ्यातली निम्म्याहून अधिक जागा रिकामी होती.