साळुमावशीच्या घारी

वक्तृत्व स्पर्धेत नंबर आल्यापासून मला कशाचीच लाज वाटेनाशी झाली होती. म्हणून तर भरवर्गात मी प्राचीला म्हटलं, "रविवारी कळंबला ये. साळुमावशीच्या पोल्ट्रीवर घारी जेवायला येतात, तुला दाखवते!"

नववीत गेल्यावर प्राचीनं बाक बदलला होता. भांडण नाही, काही नाही. एक दिवस तिकडं बसायला गेली ती तिकडचीच झाली. मला वाटलं, एकदा का आम्ही दोघींनी मिळून घारी बघितल्या, की झालं!

आणि ती खरंच आली.

साळुमावशी शेडमागं उभी होती. दिवसभरात मेलेल्या कोंबड्यांचे तुकडे करून तिनं पाटीत भरले होते. वर पंधरा-वीस घारी गोल फिरत होत्या. आम्हाला बघून तिनं कपाळाला हात लावला.

"आगं, दोघी कशाला आल्या? माझ्याबरुबर येकच माणूस चालतंय त्यान्ला. जादा दिसलं की खाली येत न्हाईत."

"गुपचूप बसू की आम्ही."

"तू आन् गुपचूप!" मावशी हसली. "येक जण शेडात जा. लई वेळ न्हाई थांबायच्या त्या."

प्राची माझ्याकडं बघायला लागली. तिला साडेपाचची जीप गाठायची होती.

"तू थांब गं," मी म्हटलं. "मी काय, दर रविवारी बघते."

शेडमध्ये दोन हजार कोंबड्या आणि मी. बाहेर मावशीनं "आव, आव" अशी हाक दिली. मग पंखांचा सपकन आवाज, पुन्हा सपकन, आणि प्राचीची आनंदानं फुटलेली किंकाळी. जाळीवरच्या गोणपाटाचा कोपरा मी धरला. पण घारी बिचकल्या तर? सोडून दिला.

"अगं, पायात तुकडा धरून उडता उडताच खाल्ला!" प्राची धावत आली. "इतक्या जवळून गेली, केसांना वारा लागला माझ्या!"

"हो? मग?"

रस्त्यापर्यंत ती सांगत होती, मी "मग? मग?" करत होते. जीप आली नि ती गेली.

सोमवारी वर्गात पोचले तर सगळ्या पोरी प्राचीच्या बाकाभोवती. घारींचंच चाललं होतं. मीही मागं उभी राहून ऐकलं. छान सांगत होती. त्यात साळुमावशी होती, पाटी होती, केसांना लागलेला वारासुद्धा होता.

शेड नव्हती.