चाकावर धरलेली तलवार

हौशीरामनं तलवार सोप्यातल्या सतरंजीवर ठेवली आणि निकाल ऐकायला बसावं तसा तो राजेश्वरीबाईंसमोर बसला. बाई पुण्याहून आल्या होत्या. जुन्या हत्यारांवरच्या खुणा ओळखणं हेच त्यांचं काम. पात्यावर आपल्या पणज्याचं नाव ठोकलेलं आहे, असं हौशीरामचा आजा सांगायचा. टाकव्यातली भावकी मात्र हसायची.

"लोनावळ्याच्या बाजारातनं आनली आसंल आज्यानं," चुलतभाऊ हनुमंत आताही दारातून म्हणाला. "चिक्कीसंगं."

बाईंनी भिंग धरलं. "पातं फिरंगी आहे, आबा. समुद्रापलीकडून आलेलं. मूठ इकडचीच." मुठीलगत त्या थबकल्या. "इथं अक्षरं होती. एकाचा काना तेवढा उरलाय. घासली कुणी ही?"

"माज्या पोरानं, निलेशनं," हौशीराम चटकन म्हणाला. "आमी खंडेनवमीला चिंच लावून राखेनं घासायचो. त्यानं कंपनीत नेऊन पालिशच्या चाकावर धरली. तोंड दिसतं बगा."

त्या खंडेनवमीला पूजेला आलेल्या सगळ्यांनी पात्यात आपापलं तोंड पाहिलं होतं. दिवाळी झाली आणि आंबीच्या रस्त्यावर निलेशची गाडी ट्रकखाली गेली. तेव्हापासून हौशीराम पात्याला नुसतं तेल लावी. घासायला कुणाला देत नसे.

बाईंनी मुठीलगतच्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "अक्षर ठोकताना खालचं लोखंडही दबतं. वरचं घासून गेलं तरी तो दाब आत राहतो. आम्ल लावलं तर नाव बहुतेक उमटेल. पण पातं काळवंडेल."

"लावा की!" हनुमंत आत आला. "बगू तरी कुनाचं नाव हाय."

निलेशची आई शालूबाई चुलीपुढून उठून आली आणि दाराशी उभी राहिली.

"मागनं परत चाकावर धरली तर?" हौशीरामनं विचारलं.

"चकाकी येईल, आबा. पण ती नव्यानं केलेली."

हौशीरामनं पात्यावर तळवा ठेवला. पणज्याचं नाव ऐकायला तो जन्मभर थांबला होता.

"मग नगं," तो म्हणाला.

बाईंनी आम्लाची बाटली उघडलीच नाही. कागदावर लिहिलं : अक्षरे होती, वाचता येत नाहीत.

"घासली कुनी त्ये बी लिवा," हौशीराम म्हणाला. "पुरं नाव लिवा."

बाईंनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

"परत वाचा," शालूबाई म्हणाली.