डॅशबोर्डमधले चौघे

आमच्या ह्यांनी शारजात घेतलेली सेकंडहँड गाडी जपानहून आली होती. यार्डवाल्यांनी स्टिअरिंग उजवीकडचं डावीकडे आणलं, पण प्लेअरमध्ये अडकलेली सीडी कुणालाच काढता आली नाही. चावी फिरवली की चार जपानी पोरं तावातावाने बोलायला लागत.

"भांडतायत कशावरून?" ह्यांनी कंपनीतल्या जपानी इंजिनिअरला विचारलं.

"भांडत नाहीत, गातायत. हिपहॉप. ह्या पोरांचा पहिलाच अल्बम आहे," तो म्हणाला.

दोन वर्षं हे एकटेच त्या चौघांबरोबर साइटवर जात-येत होते. मग २००१ साली व्हिसा झाला आणि मी दर्शनाला घेऊन देवगडहून आले. पोरगी पाच वर्षांची. बाप तिने फोनवर ऐकलेला आणि सुट्टीत पाहिलेला. ती ह्यांना काही हाकच मारेना. पाणी हवं असलं तरी मला म्हणायची, "त्यांना सांग." ह्यांनी बाहुली आणली, तर बाहुलीशी बोलायची. मला भयंकर राग यायचा आणि तो कुणावर काढावा ते कळायचं नाही. गाडीतली पोरं मात्र तिला चालायची. मान हलवत ऐकायची.

मी मुश्ताक मेकॅनिकला सीडी काढायला सांगितली. तो म्हणाला, "भाभी, पूरा डॅशबोर्ड खोलना पडेगा. फिर बंद होगा के नहीं, अल्ला जाने." राहिलं.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, खोर फक्कानच्या समुद्रावर निघालो. डोंगरात, उन्हाने की कशाने, एका गाण्याच्या मधोमध प्लेअर खलास झाला. दर्शनाने भोकाड पसरलं. मी समजवायला गेले तर आणखी वाढलं.

हे समोर बघत होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाणं जिथे तुटलं होतं, तिथूनच ह्यांनी सुरू केलं. चौघांचं एकट्याने. मध्येच जाड आवाज, मध्येच बारीक, श्वास घ्यायच्या जागासुद्धा त्याच. लग्नात ह्याच माणसाला दोन ओळींचा उखाणा पाठ झाला नव्हता. एकट्या माणसाला काय काय पाठ होतं, ते मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं.

दर्शना गप्प झाली. दोन सीटच्या मधून पुढे आली. समोरून ट्रक आला म्हणून हे क्षणभर थांबले, तर तिने ह्यांच्या खांद्याला हात लावला.

"बाबा, पुढचं म्हणा ना."

ह्यांनी तोंड उघडलं. बंद केलं. माझ्याकडे बघितलं. अख्खा अल्बम पाठ असलेल्या माणसाला पुढचा एक शब्द आठवेना.