शेवटचा नग

दुकानात सगळे तिला छोटी म्हणत. वय छत्तीस, कानामागे पांढरे केस, चष्म्याचा नंबर गेल्याच वर्षी वाढलेला. पण मोठा भाऊ काउंटरवर बसलेला असेपर्यंत तिला बढती मिळण्याची काही चिन्हं नव्हती. नळाच्या सामानाचं हे दुकान दोघांच्या वडिलांनी उभं केलेलं. पुढे चकचकीत नळ आणि बेसिनं, तिथे दादा. मागच्या खोलीत भिंतभर सहाशे चाळीस लाकडी खण, त्यांत वॉशर, निपल, एल्बो असलं बारीकसारीक सामान, आणि तिथे मामा. मामा तसे कुणाचेच मामा नव्हते. एकतीस वर्षं त्या खणांपुढे उभं राहून ते सगळ्यांचे मामा झाले होते.

वर्षभरापूर्वी दुकानात कॉम्प्युटर आला, तेव्हा प्रत्येक खणातले नग मोजून छोटीनेच त्यात भरले. खण शून्यावर आला की त्या सामानाचं नाव आपोआप मागणीच्या यादीत जायचं. ही सोयही तिचीच, आणि तिला तिचा थोडासा अभिमान होता. थोडासा म्हणजे भरपूर.

त्या सोमवारी तिने सहा महिन्यांच्या विक्रीचा कागद काढून दादापुढे ठेवला. ज्या खणांतून एकही नग विकला गेला नव्हता, ते तिने लाल केले होते. दोनशे अडतीस ओळी लाल. दादाने कागद दोनदा वाचला, "शाब्बास" म्हणाला आणि फोन उचलला.

"कुणाला लावतोयस?"

"शेजारच्या फरशीवाल्याला. वर्षभर मागची खोली मागतोय बिचारा. देऊन टाकू एक तारखेपासून. चालणारं सामान पुढच्या कपाटात मावेल."

"आणि मामा?"

दादाने नजर चुकवली. "मामांचंही वय झालंच की गं. आणि हे मी माझ्या मनाचं बोलत नाहीये, तुझाच कागद बोलतोय."

छोटीने लाल ओळींचा कागद परत हातात घेतला. ज्या माणसाने तिला लहानपणी खणातले वॉशर ओवून मोजायला शिकवलं, त्याच्या पायाखालची फळी तिनेच काढली होती, आणि वर शाब्बासकीही घेतली होती. एक तारखेला अजून पंधरा दिवस होते. कागद खोटा नव्हता, हे तिला ठाऊक होतं. तो अर्धवट असेल तरच काही आशा होती, म्हणून मंगळवारपासून ती कॉम्प्युटर उचलून मागच्या खोलीतच जाऊन बसली.

दुपारी एक प्लंबर आला. मिशीवाला, घाईतला, हातात भली मोठी यादी. यादीतलं पहिलंच सामान म्हणजे जुन्या फ्लशच्या टाकीचा जाड वॉशर. मामांनी खण उघडला, आत पाहिलं, खण लावला.

"नाही."

प्लंबरने यादी घडी करून खिशात घातली आणि तो चालू लागला. छोटीने पडद्यावर पाहिलं. "मामा, एक आहे की!"

"एक आहे, म्हणजेच नाही."

"म्हणजे काय?"

मामांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिने पाणी ओलं का असतं ते विचारलं होतं. "अगं, शेवटचा नग विकायचा नसतो. तो नमुना. तो दाखवल्याशिवाय कारखानेवाल्याला काय कळणार, कुठला हवा ते?" मग जरा थांबून त्यांनी आवाज खाली आणला. "नवीन होतो तेव्हा एका व्हॉल्व्हचा शेवटचा नग मी विकून टाकला. मागवताना तोंडी सांगितलं. पाचशे नग आले, सगळे उलट्या आट्यांचे. तुझे वडील एक शब्द बोलले नाहीत. दोन दिवस बोलले नाहीत. तेव्हापासून शेवटच्या नगाला मी हात लावलेला नाही."

छोटी उठली. तिने कागदावरचा पहिला लाल खण उघडला. आत एक नग. दुसरा उघडला, एक. तिसऱ्यात एक. मग तिने मामांनाही कामाला लावलं आणि चहा गार होईपर्यंत दोघांनी दोनशे अडतीसच्या दोनशे अडतीस खण उघडून पाहिले. एकशे एक्याण्णव खणांत बरोबर एकच नग होता.

सगळा घोटाळा तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. कॉम्प्युटर शून्य होण्याची वाट पाहत होता आणि मामा शून्य होऊ देत नव्हते. सामान खपत नव्हतं असं नाही. ते कधीच खपून गेलं होतं, आणि पुन्हा मागवलंच गेलं नव्हतं.

"मामा, वर्षभर माल येत नाही, हे बोलला का नाहीत?"

"पूर्वी वडील विचारायचे, मी सांगायचो. आता हे यंत्र आलं. म्हटलं, मालकांना हा माल ठेवायचा नसेल." त्यांनी हातातला वॉशर जपून परत खणात ठेवला. "कुणी विचारलं नाही, म्हणून मी बोललो नाही."

छोटीला स्वतःच्या श्रीमुखात द्यावीशी वाटली. पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती. ती तडक पुढे गेली आणि दादाला सगळं सांगितलं. दादा मूर्ख नव्हता, आणि तीच तर अडचण होती.

"बरं, संपलं होतं," तो म्हणाला. "पण आजही कुणाला हवंय कशावरून? तुझा कॉम्प्युटर विकलेलं सांगतो. न विकलेल्याचं काय?"

प्रश्न बिनतोड होता. पण तो मोजता येण्यासारखा होता, म्हणून छोटी खूश झाली. "दहा दिवस दे. फरशीवाल्याला थांबव. आणि या दहा दिवसांत तू, मी, मामा, ज्याच्या तोंडून 'नाही' जाईल त्याने ते लिहायचं. कशाला नाही म्हटलं, तेही."

तिने काउंटरवर एक मोठा पुठ्ठा टांगला: सामानाचं नाव लिहायचं आणि दर 'नाही'ला पुढे एक रेघ ओढायची. पहिल्या दिवशी दादाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. छोटीने पेनच त्याच्या हातात कोंबलं. दुसऱ्या दिवशी तो कुरकुरत लिहू लागला. चौथ्या दिवसापर्यंत सगळ्यात जास्त रेघा त्याच्याच अक्षराशेजारी होत्या, आणि गिऱ्हाइकाला "नाही" म्हणण्याआधी तो पुठ्ठ्याकडे चोरून पाहू लागला होता. आपण दिवसभरात किती वेळा नाही म्हणतो, हे माणसाला कळत नाही ते बरंच. कळलं की मान खाली जाते.

दहाव्या दिवशी संध्याकाळी फरशीवाला टेप घेऊन खोली मापायला हजर झाला. छोटीने पुठ्ठा उतरवला. एकशे चौसष्ट वेळा "नाही". त्यांतले एकशे नऊ त्याच लाल खणांतल्या सामानासाठी. एकट्या जाड वॉशरपुढे सतरा रेघा.

दादाने रेघांवरून बोट फिरवलं. "शंभर-सव्वाशे वॉशर विकून दुकान चालत नाही, छोटे."

तेवढ्यात मिशीवाला प्लंबर पुन्हा दारात. "तो जाड वॉशर आला का?"

"नाही," दादा म्हणाला आणि सवयीने रेघ ओढायला वळला. प्लंबरने यादीची घडी घातली.

"थांबा!" छोटी ओरडलीच. "ती यादी दादाला दाखवता?"

प्लंबरने खांदे उडवून यादी पुढे केली. अठरा वस्तू होत्या. दोन बेसिनं, चार नळ, पाइप, एल्बो. दादाने वरून खाली वाचलं, मग खालून वर. सतरा वस्तू त्याच्या दुकानात होत्या, त्यातल्या सहा तर त्याच्या पाठीमागच्या फळीवर चमकत होत्या.

"हे सगळं इथे आहे," दादा म्हणाला. "का नेत नाही?"

"अहो, वॉशरसाठी पलीकडच्या चौकात जायचंच आहे, तर बाकीचं तिथेच घेतो. दोन दुकानं कोण हिंडणार? पूर्वी तुमच्याकडे सगळं मिळायचं, तेव्हा येत होतोच की."

दादाने पुठ्ठ्याकडे पाहिलं. एकशे चौसष्ट रेघांच्या जागी त्याला आता एकशे चौसष्ट याद्या दिसत होत्या. मग तो फरशीवाल्याकडे वळला. "टेप गुंडाळा, शेठ. खोली देता येणार नाही. चहा मागवतो, तेवढा घेऊन जा." आणि बहिणीला म्हणाला, "सत्तेचाळीस खणांत खरोखरच अडगळ आहे, ती मात्र काढायची. त्यात तुझं काही चालणार नाही."

"ती मी आधीच वेगळी काढलीय," छोटी म्हणाली.

पण मामा अजून खोलीच्या दारात उभे होते, आणि प्लंबरही. छोटी मामांजवळ गेली. "मामा, आता पाच नग उरले की मागणी जाणार. प्रत्येक नमुन्याचा फोटो काढू, माप घेऊ, आटे कुठल्या बाजूचे तेही लिहू. तुम्ही सांगायचं, मी भरायचं. पुन्हा कधी उलटा माल येणार नाही." तिने जाड वॉशर काढला, फोटो घेतला, कॅलिपर लावला. मामांनी माप दोनदा पाहिलं, मग एकदा चष्मा काढून पाहिलं. "बरोबर," ते म्हणाले.

आता तो वॉशर त्यांच्या तळहातावर होता. एकतीस वर्षांत त्यांनी शेवटचा नग कुणाला दिला नव्हता, आणि हात काही पुढे होईना.

मामांनी वॉशर प्लंबरच्या हातावर ठेवला. "बाकीची यादी पुढे द्या, तिथे मिळेल," ते म्हणाले. मग ते कॉम्प्युटरपाशी येऊन छोटीच्या मागे उभे राहिले.

"लिही," ते म्हणाले. "शून्य. माझ्यासमोर लिही."

छोटीने शून्य लिहिलं. ओळ पडद्यावरून सरकली आणि मागणीच्या यादीत जाऊन सगळ्यात वर बसली. मामांनी वाकून ती मोठ्याने वाचली, वस्तूच्या नावासकट आणि मापासकट. मग आत गेले आणि रिकामा खण त्यांनी न लावता तसाच उघडा ठेवला, माल आला की भरायला सोपं जावं म्हणून.