डाव्या बाजूची कणीक

नाद घुमावा म्हणून मृदंगाच्या डाव्या बाजूला वीरेश कणीक लावत होता, तेव्हाच गणपतरावांच्या ध्यानात आलं, कणीक घट्ट झालीय. पण ते खांबाला टेकून श्रोत्यांत बसून राहिले. बुवांच्या कीर्तनात मृदंग वाजवायच्या बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

हृदयात स्टेंट घालून तीन आठवडे झाले होते. वाजवायला बंदी. तेवढ्यात बुवांनी आजऱ्याचा हा वीरेश, बँकेतला कारकून, शोधून आणला. घरातून निघताना बायकोनं, बनाबाईंनी टोमणा मारलाच होता, "सवत आणल्यागत तोंड करून बसू नगासा."

वीरेशचा ठेका साधा, सुटा. एवढ्या जागेत आपण सोळा बोल भरले असते, गणपतरावांच्या मनात आलं. तरी बायका डोलत होत्या. बुवांचा शब्द न् शब्द मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता. एका चरणाला गणपतरावांचेच डोळे भरले आणि त्यांना स्वतःच्या डोळ्यांचा राग आला.

डॉक्टर अनुजानं काल समजावलं होतं. काम वाढलं की हृदयाच्या स्नायूतल्या नळ्या आपोआप रुंदावतात; तुमची एक बुजली होती, ती रुंदावणार कशी? मग म्हणाली, "तात्या, हृदय आवळतं तेव्हा सगळ्या अंगाला रक्त जातं, पण त्याच्याच नळ्या दाबल्या जातात. त्याला स्वतःला रक्त मिळतं ते बहुतेक ढिलं पडल्यावर. ठोके भराभर पडले की ती सवडच ऱ्हात न्हाय. म्हणून ही ठोके हळू करायची गोळी."

"म्हंजे थांबल्यावर जेवतंय म्हणा की," ते म्हणाले होते.

आख्यान रंगात आलं आणि डाव्या बाजूचा आवाज पत्र्यासारखा झाला. कणीक वाळली होती. श्रोत्यांत कुणाला कळलं नाही. गणपतरावांना कळलं, आणि बरं वाटलं. वीरेशच्या कपाळावर घाम आला. तेवढ्यात बुवांनी मागं वळून पाहिलं. देवाच्या नावात त्यांचा सूर किंचित हलला.

गणपतराव उठले. ह्या पोरासाठी न्हवं, त्यांनी स्वतःलाच बजावलं. तांब्यात बोटं बुडवून ते मृदंगापाशी बसले आणि कणीक दाबून ओली केली. वीरेशनं मृदंग हळूच त्यांच्याकडं सरकवला.

"घ्या तात्या. तुमचाच हाय."

कातड्यावर त्यांचा तळवा क्षणभर राहिला.

"वाजीव," ते म्हणाले. "जागा सोडतोयस तशीच सोड."

ते परत खांबापाशी आले. शेवटी आरती आली. सगळ्यांनी ज्योतीवरून हात फिरवले. गणपतरावांच्या बोटांवरची कणीक तोवर वाळली होती. ती न पुसताच त्यांनी बोटं डोळ्यांना लावली.